मामाच्या प्रेसमधला ८६५ बोर्ड, चिपसेटचं हीटसिंक गायब : नोंदी

२ मे

मामाच्या प्रेसमधला जुना पीसी आज घरी आणला. नागपुरातच, महाल ते प्रतापनगर, गाडीवर पायापाशी ठेवून, आणि अख्ख्या रस्त्यानं आत काहीतरी खळखळ वाजून राहिलं होतं, प्रत्येक स्पीडब्रेकरला. तेव्हाच डोक्यात यायला पाहिजे होतं खरं तर.

मामाचं काम म्हणजे लग्नपत्रिका, वास्तू, तेरवी, बिलबुकं. वीसेक वर्षांपासून सगळं पेजमेकरमधे, म्हणजे पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधे. पेजमेकर ७ आलं २००१ ला, त्याच्यापुढे कंपनीनं काही काढलंच नाही, पण मामाचं त्याच्यामुळे काही अडलं नाही. अडलं ते फॉन्टपायी. फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरं अन् चिन्हांची खिचडी दिसते, आणि ते फॉन्टचं सॉफ्टवेअर चालते डोंगलवर (डोंगल म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली, लहानसा ठोकळा), डोंगल लागते मागच्या गुलाबी प्रिंटर पोर्टात, आता नवीन बोर्डवर हा पोर्ट कोण देते बाप्पा. यूएसबी ते पॅरलल केबल मागच्या वर्षीच आणून पाहिली, ती फक्त प्रिंटर ओळखते, डोंगलला हिंग लावून विचारत नाही.

म्हणून हाच पीसी जगवायचा. तक्रार अशी की चालू होते, विंडोज एक्सपी येते, पाच-सात मिनिटात हँग. माउससुद्धा हलत नाही. मामा म्हणे, "मे-जूनची लगीनसराई आहे अन् याले आताच मराचं होतं."

रात्री रॅम बदलून पाहिली, दोन्ही स्लॉट जोड्या, तिसरी उसनी रॅमसुद्धा. तीन तास. मेमटेस्टमधे (रॅम तपासायचा प्रोग्राम, लाल ओळ म्हणजे एरर) प्रत्येक वेळी लाल ओळी, दर वेळी वेगळ्या ॲड्रेसवर. झोपलो.

३ मे

सकाळी उजेडात टॉर्च मारून नीट पाहिलं अन् स्वतःलाच शिवी दिली. खळखळ काय होती तर पांढऱ्या प्लास्टिक पिनचे दोन तुकडे अन् एक बारकी स्प्रिंग, कॅबिनेटच्या तळाशी. प्रोसेसर आणि रॅमच्या मधली जी मोठी चिप, नॉर्थब्रिज, ती उघडी. वर वाळलेल्या राखाडी पेस्टचं टोपरं, बाजूला तिरप्या रेषेत दोन रिकामी भोकं, अन् हीटसिंकचा, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचा, पत्ताच नाही.

झालं काय असेल ते सरळ आहे. टॉवर कॅबिनेटमधे बोर्ड उभा असतो, म्हणजे हीटसिंक भिंतीवरच्या फोटोसारखं दोन प्लास्टिकच्या पिनांवर टांगलेलं. पिनच्या खालच्या टोकाला दोन कान असतात ते भोकातून पलीकडे फुलतात, वरून स्प्रिंग दाबून धरते, त्यामुळे प्लास्टिकवर कायमचा ताण. वीस उन्हाळे तो ताण खाऊन प्लास्टिक पापडासारखं झालं. बोटात धरून दाबलं तर उरलेला तुकडासुद्धा तुटला. हीटसिंक पडलं असेल कधीतरी, अन् मग मागच्या दिवाळीत धूळ काढायला कोणीतरी मशीन नेलं होतं म्हणते मामा, तिथे झटकण्यात गेलं असेल. कोणाचं नाव घेत नाही, आपण कुठे पाहिलं.

आता रॅमच्या एररचं कोडं सुटलं. चिपसेट इंटेल ८६५जी, २००३ चा, पेंटियम ४ च्या जमान्यातला. आज मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात असतो, तेव्हा तो नॉर्थब्रिजमधे असायचा. आणि 'जी' असल्यामुळे डिस्प्लेसुद्धा ह्याच चिपमधून. म्हणजे ही तापली की आधी रॅम खोटं बोलते, मग स्क्रीन, मग सगळंच थांबते. रॅम बिचारी चांगली होती, तिन्ही जोड्या. उसनी आणलेली परत करताना काय सांगू आता.

चालू करून चिपच्या बाजूला बोट नेलं, टेकवलं नाही तरी झळ लागली. लगेच बंद.

४ मे

हीटसिंकच्या मागे लागण्याआधी बाकीचा बोर्ड जिवंत ठेवण्यालायक आहे का ते पाहिलं. ह्या काळातल्या बोर्डांचे कॅपॅसिटर फुगतात हे जगजाहीर आहे, प्रोसेसरजवळचे दोन फुगलेच होते, डोक्यावर तपकिरी. ६.३ व्होल्ट १५०० मायक्रोफॅरड, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले), बदलले. बॅटरी ०.९ व्होल्टवर, तीही बदलली. हे अर्ध्या तासाचं काम, ह्याच्यावर जास्त लिहीत नाही.

जास्त लिहायचं ते चिप साफ करण्यावर. ही चिप काळ्या प्लास्टिकच्या टोपीवाली नाही. हिरवट पाट, साधारण साडेसदतीस मिमीचा चौकोन, अन् त्याच्या मधोमध सिलिकॉनचा उघडा तुकडा, नखाएवढा, आरशासारखा. ह्याला डाय म्हणतात. ह्याचे कोपरे फार नाजूक, हीटसिंक एका बाजूनं वाकडं दाबलं गेलं की कोपऱ्याची कपची उडते आणि बोर्ड तिथेच संपला. म्हणून पेचकस अजिबात लावला नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमधे भिजवलेली कापसाची पट्टी दहा मिनिटं वर ठेवली, मग जुन्या सिमकार्डच्या प्लास्टिकनं हळूहळू. तीनदा केलं. शेवटी छापलेला नंबर दिसला, ८२८६५जी. कोपरे चारही शाबूत. इतक्या वेळा बिनाहीटसिंक तापून कशी वाचली तीच जाणे.

६ मे

ऑफिस सुटल्यावर बर्डी, म्हणजे सीताबर्डीचा बाजार. मोदी नंबरच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. चिपसेटचं हीटसिंक म्हटलं तर पोरं तोंडाकडे पाहते, एकानं तर एसएसडीचं चपटं हीटसिंक काढून दाखवलं. एक जुना माणूस मात्र समजला, म्हणे "भाऊ, पेंटियम फोरवर कोण पैसे लावते आता, आम्ही ते किलोवर देऊन टाकले." मग डोंगलची कहाणी सांगितली तेव्हा चहा पाजला त्यानं. हीटसिंक नव्हतंच त्याच्याकडे, पण सल्ला कामाचा दिला, की चिपसेटचं शोधत बसू नको, जुन्या सॉकेट ७ पेंटियमचं शोध, ते ५० बाय ५० असते.

बरोबरच होतं ते. माझ्या दोन भोकांमधलं तिरपं अंतर मोजलं होतं ६० मिमी. चाळीसच्या चौकोनाचा कर्ण साडेछप्पन भरतो, तो भोकांपर्यंत पोचतच नाही. पन्नासच्या चौकोनाचा कर्ण सत्तरच्या वर, म्हणजे कोपऱ्यापासून पाच मिमी आत भोक पाडलं की झालं.

येताना भंगारवाल्याकडे तासभर उकरून एक मिळालं. पेंटियमच्या काळातलं ॲल्युमिनियम, वरचा पंखा जाम, फिन्समधे (उभ्या पातळ पात्यांमधे) कोणाच्या तरी घरची पंचवीस वर्षांची धूळ. तीस रुपये. घासाघीस करायची हिंमत नव्हती झाली, त्याला कळलं असतं की मला किती गरज आहे तर शंभर म्हणाला असता.

८ मे

आळस केला आणि त्याची शिक्षा भेटली.

भोकं पाडायचा कंटाळा, म्हणून आधी थर्मल टेप लावून पाहू म्हटलं. दोन्ही बाजूनं चिकट, निळी. हीटसिंक धुतलं, टेप लावली, दाबून बसवलं, बोर्ड टेबलावर आडवा. सकाळी साडेसहाला मेमटेस्ट लावला, खिडकीतून गार हवा, एक पूर्ण पास, शून्य एरर. मी तर मामाला फोन करून सांगूनही टाकलं, की झालं म्हणून.

दुपारी तीनला तोच टेस्ट. बाहेर ४४ असेल, खोलीत कूलर बंद ठेवून ३९. बाराव्या मिनिटाला पहिली लाल ओळ, पंधराव्याला स्क्रीनवर रंगीत ठिपके.

काढून पाहिलं तर टेपवर डायचा ठसा अर्ध्याच भागात. म्हणजे हीटसिंक एका बाजूला झुकलं होतं, अर्धा डाय नुसता हवेत. पन्नास मिमीचा चौकोन नखाएवढ्या आरशावर ठेवायचा म्हणजे पाटावर पाट ठेवून मधे सुपारी ठेवल्यासारखं, तो डुलणारच. आणि बोर्ड उभा केला असता तर टेपवर ते वजन आठ दिवससुद्धा टिकलं नसतं, गरम झाली की टेप मऊ होते.

नागपुरात कुठलीही दुरुस्ती सकाळी तपासायची नाही, हे मी कूलरची मोटर बांधणाऱ्यांकडून लहानपणापासून ऐकून राहिलो अन् तरीही.

९ मे

मित्र म्हणे चार कोपऱ्याला एम-सील लावून टाक, विषय संपला. दुसरा म्हणे थर्मल ग्लू. दोन्ही नाही. थर्मल ग्लू लावला की तो जन्माचा, उद्या काढायची वेळ आली तर डायच उपटून येईल. आणि एम-सील चार कोपऱ्यात भरलं की कडक होताना ज्या बाजूला झुकलं असेल तसंच वाकडं कायमचं धरून ठेवेल. मला दाबणारं पाहिजे आणि ते दाबणं सगळीकडे सारखं पाहिजे, म्हणजे स्क्रू आणि स्प्रिंग. मूळ कंपनीनं पिनमधे स्प्रिंग काय उगाच टाकली होती का.

११ मे, रविवार

आज खरं काम. आई म्हणे गच्चीत बसून कर, घरात ॲल्युमिनियमचा भुसा नको. सकाळी सहा ते नऊ, नंतर गच्चीवर कोण थांबते.

आधी टेम्प्लेट. मामाकडची फसलेली लग्नपत्रिका होती, जाड कार्ड, मुलीच्या आईचं नाव चुकलं म्हणून रद्द झालेली, तिचा पन्नासचा चौकोन कापून बोर्डवर ठेवला, खालून भोकातून पेन्सिल घालून खुणा घेतल्या. तेव्हाच दिसलं की ज्या दोन कोपऱ्यात भोकं नाहीत त्यातला एक कोपरा कॅपॅसिटरवर चढून राहिला. कार्डाचा तो कोपरा कापला, तेवढाच नंतर हीटसिंकचा हॅक्सॉनं कापला. सरळ धातूवर सुरुवात केली असती तर हे बसवताना समजलं असतं, कॅपॅसिटर मोडल्यावर.

भोकांच्या जागी फिन्स होत्या, त्या कापून कानशीनं जागा केली म्हणजे नट अन् स्प्रिंग बसेल. मग ३.२ चं ड्रिल. पहिलं भोक बरोबर, दुसऱ्यावर ड्रिल घसरलं, दीड मिमी बाहेर. सेंटर पंचनं आधी खळगा मारला नव्हता, दुसरं काय. गोल कानशीनं ते लांबट केलं. दिसते घाणेरडं, चालते.

मग तळ सपाट करणं, आणि ह्याच्यात मला सगळ्यात मजा आली. खिडकीची जुनी काच, तिच्यावर पाणी, वॉटर पेपर २२० नंबर, तळावर मार्करनं फुल्या मारून आठच्या आकड्यात घासायचं. पहिल्या मिनिटाला फक्त कडेच्या फुल्या गेल्या, मधल्या जशाच्या तशा, म्हणजे मधे खड्डा होता, आणि माझा डाय तर मधोमधच टेकणार! चाळीस मिनिटं घासलं तेव्हा मधली फुली गेली. मग ४००, मग ८००. शेवटी तळात बल्बचं प्रतिबिंब धूसर दिसायला लागलं. त्याच्यापुढे आरसा करायची गरज नाही, बाकीचं पेस्ट भरून काढते.

१२ मे

बसवणं. स्प्रिंगसाठी आधी बॉलपेनच्या घेतल्या, फारच लुळ्या, हीटसिंक उभं धरलं की खाली ओघळते. रिपेअरिंगवाल्या मित्राच्या डब्यात मेलेल्या ग्राफिक कार्डच्या दोन मिळाल्या, आखूड आणि कडक.

रचना अशी केली : ३ मिमीचा स्क्रू बोर्डच्या खालून वर, डोक्याखाली फायबर वॉशर कारण भोकाच्या बाजूनं बारीक ट्रॅक जातात अन् लोखंडी डोकं त्यावर घासलं तर शॉर्ट, वर हीटसिंक, त्यावर वॉशर, स्प्रिंग, शेवटी नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला. साधा नट पंख्याच्या थरथरीनं सुटतो. मेलेल्या पिनची प्लास्टिकगिरी आता नाहीच.

झुकण्याचा इलाज म्हणजे फोम. डायच्या चार बाजूला, हिरव्या पाटाच्या कोपऱ्यात, डायपेक्षा किंचित जास्त उंच मऊ फोमचे चार तुकडे. हीटसिंक आधी फोमवर टेकते, सगळीकडून सारखं, मग दाबत दाबत डायवर येते. हे मी शोधलेलं नाही, जुन्या एथलॉन प्रोसेसरवर असेच चार रबरी ठिपके कंपनीतूनच यायचे. तिथेही डाय उघडाच असायचा आणि कोपरे मोडायचे.

पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. धातूच्या चुऱ्याची नाही, पांढरी साधी, कारण डायच्या बाजूला बारीक कॅपॅसिटर आहेत, तिकडे ओघळली तर भानगड नको. नट अर्धा फेरा ह्या बाजूला, अर्धा त्या बाजूला, असं आठ वेळा. मग सगळं परत उघडलं! ठसा पाहायला. ह्या वेळी पूर्ण चौकोन, चारही कडा. पुसलं, नवीन दाणा, परत आठ वेळा अर्धा-अर्धा फेरा. हीटसिंकला बोटानं ढकललं तर किंचित झुलते अन् परत जागेवर येते, तसंच पाहिजे.

१३ मे

मल्टिमीटरचा तापमानाचा प्रोब खरा आहे का ते आधी पाहिलं. बर्फाच्या पाण्यात १, उकळत्या पाण्यात ९८. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, पाणी इथे ९९ च्या आसपास उकळते, म्हणजे प्रोब एखाद्या डिग्रीनं इकडेतिकडे, चालेल. ही खटपट उगाच नाही, २०२४ च्या मे अखेरीस आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवलं होतं, देशभर बातमी झाली, मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला. २३ मे २०१३ चे ४७.९ मात्र खरे होते, ते मी अंगावर घेतले आहे.

दुपारी अडीच, खोली ३८, पंखा न लावता. हीटसिंकच्या तळाला प्रोब. नुसतं एक्सपी चालू ठेवून वीस मिनिटात ६६ वर थांबलं. मेमटेस्ट लावल्यावर चढत चढत चाळीस मिनिटात ७९. एरर नाही. पण ७९ तळाला म्हणजे डाय त्याच्याही वर, आणि हे उघड्या टेबलावर, कॅबिनेटमधे आणखी आठ-दहा धरा. मला नाही आवडलं.

हे हीटसिंक मुळात पंख्यासाठीच केलेलं, फिन्स दाट आहेत, बिनापंख्याची हवा त्यातून वर निघत नाही. चिपसेटची मूळ हीटसिंकं पाहिली तर त्यांच्या फिन्स विरळ अन् जाड असतात. तर पंखा लावणं आलं. चाळीस मिमीचा, कारण पन्नासचा नटांवर चढतो, आणि तोही थोडा तिरपा करून फिन्समधेच स्क्रू पिळले. बारा व्होल्टवर डासासारखा किणकिणतो, म्हणून लाल आणि पिवळ्या वायरच्या मधे जोडला, बारा वजा पाच, सात व्होल्ट. आवाज गेला.

तीच खोली, तोच टेस्ट : ५५. चोवीस डिग्रीचा फरक एवढ्याशा वाऱ्यानं!

१८ मे

चार दिवस रोज दुपारी कॅबिनेट बंद करून लावला. उभा. हीटसिंकचा तळ ५९ ते ६१. रात्रभर मेमटेस्ट, अकरा पास, शून्य. स्क्रीनवर एक ठिपका नाही.

मधल्या वेळात दुसरं काम उरकलं जे खरं तर पहिलं करायला पाहिजे होतं, ८० जीबीच्या आयडीई डिस्कची पूर्ण इमेज काढून दोन जागी ठेवली. बोर्ड आज वाचला, डिस्कचं कोणी सांगितलं. मामाला म्हटलं पत्रिका झाली की पीडीएफ पण काढून ठेवत जा, नंतर फॉन्ट नसला तरी छापता येते. "तू दाखोशील तं करीन." दाखवलं. मागच्या तीन वर्षांच्या पाचशेवर फाइल आहेत, आता बसून करायच्या कोणी हा प्रश्न आहे, अन् माझ्याकडेच पाहून राहिला होता तो.

२५ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला आजपासून. पीसी परवाच प्रेसमधे नेऊन ठेवला, पण आज पाहायला गेलो मुद्दाम, दुपारी एक वाजता, महालातल्या त्या पत्र्याच्या छताखाली.

आणि काय पाहतो, तर मामानं प्रेमानं कॅबिनेट कूलरच्या ऐन तोंडासमोर ठेवलेलं. "त्यालेबी थंडावा पाहिजे ना." हवा थंड लागते खरी, पण कूलरच्या झोतात बारीक फवारा असतो, आपल्याकडचं बोअरचं पाणी खारं, आणि मागचे पोर्ट पाहिले तर पांढरी बुरशीसारखी खार आधीपासूनच जमलेली. खसचे धागे पण फिन्समधे जाऊन बसतात. कॅबिनेट हलवून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, कूलरची हवा खोलीत फिरून येईल पण सरळ लागणार नाही असं. डोंगल काढून कॉन्टॅक्ट क्लीनरनं पुसलं, परत लावलं. त्याच्या दोन पिना हिरव्या पडायला लागल्या होत्या.

खोलीत ३६. पेजमेकर सकाळी दहापासून उघडं, मधे एकदाही अडकलं नाही. प्रोब लावला : ५७. १२ जूनच्या लग्नाची पत्रिका स्क्रीनवर होती, दोन्हीकडच्या आज्ज्यांच्या नावाआधी 'कै.' लावायचं का 'स्व.' ह्यावर गिऱ्हाइकासोबत फोनवर अर्धा तास चाललं, आणि तेवढा वेळ फाइल उघडीच, मी नुसता घड्याळाकडे पाहून राहिलो होतो.

नट एकदा तपासले, अर्धा फेराही ढिले नाहीत. पुढची तपासणी दिवाळीत, पंख्याचं बुश आणि फोम दोन्ही. उरलेले फायबर वॉशर, एक नायलॉक नट, आणि खळखळ करणारी ती मूळ स्प्रिंग पत्रिकेच्या पाकिटात टाकली, पाकीट कॅबिनेटच्या आतल्या बाजूला टेपनं चिकटवलं, वर लिहिलं : नॉर्थब्रिज, भोकांतलं अंतर ६० मिमी, नट दोन्ही बाजूनं अर्धा-अर्धा फेरा, पेचकस लावू नये.